तबेल्यातली प्रयोगशाळा

साल 1961. लंडनबाहेरच्या बकिंगहॅमशायरमध्ये, पोलार्ड्स वूडला तुम्ही पोहोचला आहात. समोर घोड्यांचा जुना तबेला आहे आणि प्रयोगशाळा तीच. आत तिशीचा जाक मिलर वाकून बसलाय. पुढ्यात नुकतंच जन्मलेलं उंदराचं पिल्लू, तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढं. त्याच्या छातीतून, हृदयाच्या वरून, तो थायमस ग्रंथी काढतोय.

मिलर शोधतोय उंदरांच्या थायमसमधून सुरू होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचं कारण. थायमस तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नाही.

आता काही आठवडे पुढे या आणि पिंजऱ्यात वाका. थायमस न काढलेल्या उंदराच्या पाठीवर परक्या जातीच्या उंदराचं कातडं लावलं होतं. ते काळं पडून सुकलंय. शेजारच्या पिंजऱ्यात थायमस काढलेला उंदीर. त्याच्या पाठीवर तसंच परकं कातडं मजेत रुजलंय, वर दाट केसही आलेत. उंदराचंच कशाला, घुशीच्या जातकुळीतल्या रॅटचं कातडंसुद्धा तो मुकाट चालवून घेतो! परक्याला ओळखणाऱ्या पेशी थायमसमध्ये घडतात, हे तुमच्यासमोर दिसू लागलंय. त्यांना ‘टी पेशी’ हे नाव मात्र अजून पडायचंय. आणि दिग्गजांना हे सहज पटेल असं समजू नका. त्वचारोपण का फसतं हे दाखवणारे, 1960 चे नोबेल मानकरी पीटर मेडावारसुद्धा पुढे थायमसमधल्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींना फारसं महत्त्व देणार नाहीत.

पण टी पेशी नेमकं बघते काय? त्यासाठी 1973 च्या कॅनबेरात चला. पीटर डोहर्टी हा पशुवैद्य आणि रोल्फ झिंकरनागेल हा स्विस डॉक्टर विषाणूग्रस्त उंदरांच्या टी पेशी तपासताहेत. लक्ष्य-पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरलंय. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं आणि मोजता येतं. विषाणू तोच असला तरी टी पेशी आपल्याच वाणाच्या ग्रस्त पेशी फोडते, दुसऱ्या वाणाच्या नाही. म्हणजे नुसता विषाणू तिला दिसतच नाही.

पेशीच्या पृष्ठभागावरचे, वाणागणिक वेगळे असणारे रेणू प्रथिनाचे तुकडे द्रोणात वाढल्यासारखे मांडून ठेवतात. टी पेशी द्रोण आणि आतला तुकडा, दोन्ही एकत्र चाचपते. माणसात हे रेणू एचएलए. दुसऱ्याची किडनी बसवली की हे द्रोणच परके येतात, आणि आपल्याच द्रोणात भलतंच काही वाढलंय असं समजून असंख्य टी पेशी खवळतात. एखाद्या जंतूच्या तुकड्याला लाखात जेमतेम एखादी टी पेशी ओळखते. परक्या एचएलएवर शंभरात एक ते दहा धावून जातात. म्हणून तर किडनी घेतलेल्याला टी पेशींना आवर घालणारी टॅक्रोलिमससारखी औषधं रोज घ्यावी लागतात.

कॅनबेराच्या जोडीला 1996 मध्ये नोबेल मिळालं. मिलरला मिळाला 2019 चा लास्कर पुरस्कार, तोही वयाच्या 88 व्या वर्षी. हा हिशेब काही बरोबर जुळत नाही.