सीमेच्या दाव्याचा खर्च

मुंबई पुनर्रचना कायदा, 1960. त्याच्या पहिल्या अनुसूचीचे तीन भाग आहेत आणि त्यातला पहिला आमच्या उंबरगाव तालुक्याचा. हा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. अनुसूचीत नुसती गावांची नावं आहेत. ज्याचं नाव तिथे आलं ते गाव 1 मे 1960 ला गुजरातचं झालं. 47 गावं आणि तीन शहरं सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली 27 गावं आधी डहाणूला जोडली आणि 1961 साली त्यांचा तलासरी महाल झाला. अनुसूचीच्या पुढच्या दोन भागांत पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली गावं आहेत.

बेळगावसाठी सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या दाव्यावर महाराष्ट्र सरकार इतका पैसा का घालवतं, असं पालघर-बोईसरकडे कुणी विचारलं, की मी आधी ही अनुसूची पुढे करते. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगावची वासलात अर्ध्या ओळीत लागली होती: चंदगड तालुका वगळून सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात. एक तालुका काढला, बाकीचा जिल्हा तसाच उचलून दिला. चारच वर्षांनी त्याच संसदेने उंबरगावात गाव हा घटक धरून रेघ मारली. इथे जमलं ते तिथे का जमू नये, हा प्रश्न आमच्या भागातल्या माणसाने तरी विचारलाच पाहिजे.

गावागावाने ओढलेली रेघ दुखत नाही असं मी म्हणणार नाही. माझं माहेर तलासरी तालुक्यातल्या झाईचं, आत्या दिलेली उंबरगावला. तिची तिन्ही मुलं एकाच घरात जन्मली. थोरल्याच्या जन्मनोंदीत जिल्हा ठाणे, मधल्याच्या सुरत आणि धाकटीच्या वलसाड, कारण 1964 साली सुरतमधून वलसाड वेगळा निघाला. थोरला मराठी शाळेत शिकला, धाकटी गुजराती. आत्याला शेवटपर्यंत हे पटलं नाही. तरीही कोणतं गाव कुठे गेलं याचा कागद आहे, गावाचं नाव घेऊन केलेला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, खानापूरच्या खेड्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

म्हैसूरशी वाद मिटावा म्हणून तेव्हाच्या मुंबई राज्याने 1957 सालीच केंद्राला निवेदन दिलं होतं. मागणी होती पाटसकर सूत्राची: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत. हरिभाऊ पाटसकरांनी आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा तंटा याच सूत्राने सोडवला होता. 1960 साली महाराष्ट्र आणि म्हैसूर यांची चार जणांची समिती बसली, तिच्यातून काही निघालं नाही. सेनापती बापटांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केलं आणि 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या अहवालाने 264 गावं महाराष्ट्राला, 247 म्हैसूरला देऊ केली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्राने तो नाकारला. त्यानंतरची वर्षं निवेदनं, शिष्टमंडळं आणि सत्याग्रहात गेली.

29 मार्च 2004 ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मूळ दावा क्रमांक 4, सन 2004. पहिला प्रतिवादी भारत सरकार, दुसरा कर्नाटक. वाद शेजाऱ्याशी असला तरी रेघ संसदेच्या कायद्याने मारलेली आहे, म्हणून केंद्राला उत्तर द्यायला उभं करणं भाग होतं. हा दावा राज्यघटनेच्या 131 व्या कलमाखाली आहे. या कलमाखाली राज्य केंद्रावर किंवा दुसऱ्या राज्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावू शकतं, पण माणूस लावू शकत नाही, संस्था लावू शकत नाही, महानगरपालिकाही नाही. महाराष्ट्रात जायचा ठराव केला म्हणून बेळगाव महापालिका 2005 साली बरखास्त झाली. तिलाही हे दार बंदच होतं. 17 जानेवारी 1956 ला बेळगावात ज्यांच्या घरची माणसं सीमा आंदोलनातल्या गोळीबारात गेली, त्यांनी वर्गणी काढून वकील दिला असता तरी त्यांना वादी म्हणून उभं राहता आलं नसतं. वादी एकच होऊ शकतो, महाराष्ट्र शासन. म्हणून हा खर्च शासनानेच करायचा आहे.

माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. देयक आलं की मंजुरीचा आदेश जोडलाय का, लेखाशीर्ष बरोबर आहे का, त्या शीर्षाखाली तरतूद शिल्लक आहे का, हे बघायचं; नसेल तर आक्षेप लावून परत पाठवायचं. त्यामुळे अर्थसंकल्पाची जाड पुस्तकं मला परकी नाहीत. विधि व न्याय विभागाची मागणी ‘जे’ अक्षराने सुरू होते. तिच्यात 2014, न्यायदान हे मुख्य शीर्ष, त्याखाली विधि सल्लागार व वकील यांचं गौण शीर्ष. आकड्यांच्या शेजारी दोन शब्द असतात, दत्तमत आणि भारित. घटनेच्या 202 व्या कलमाप्रमाणे कोर्टाचा हुकूमनामा भागवायला लागणारी रक्कम भारित असते, तिच्यावर विधानसभेत मतदान होत नाही. वकिलाची फी मात्र दत्तमत. हरल्यावर द्यायचे पैसे मागणीवर मतदान न होता सुटतात. लढायचे पैसे आमदारांपुढे मागणी ठेवून मागावे लागतात, कमी पडले तर अधिवेशनात पुरवणी मागणी आणावी लागते. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. केंद्राशी भांडायचं की नाही यावर दरवर्षी आपल्या प्रतिनिधींना हात वर करावा लागतो.

पैसा नुसता ज्येष्ठ वकिलांच्या उभं राहण्याला लागत नाही. खेडं हा घटक धरायचा, तर खेड्याखेड्याचा पुरावा गोळा करायचा. 1951 ची जनगणना, जमिनीचे उतारे, शाळांचे पट, मतदार याद्या, कन्नड आणि मोडी कागदांचे अनुवाद. या कामाला माणसं लागतात. प्रा. एन. डी. पाटील यांनी सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं सांभाळलं. ते गेले 17 जानेवारी 2022 ला, नेमक्या सीमाभागाच्या हुतात्मा दिनी.

समोरच्या बाजूंचंही ऐकावं. सीमा बदलायचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेचा आहे, न्यायालयाने त्यात पडू नये, असं कर्नाटक म्हणतं. भाषा हा एकमेव निकष नव्हता, असं केंद्राने 2010 च्या प्रतिज्ञापत्रात सांगितलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. केंद्राचं हे म्हणणं मांडणाऱ्या वकिलांची फी भारताच्या संचित निधीतून जाते आणि त्या निधीत बोईसरच्या कारखान्यांचा करही असतो. म्हणजे आमच्याच पैशाने आमच्याविरुद्ध बाजू मांडली जाते. संघराज्यात हे चालायचंच, मला त्याचा राग नाही. पण मग आमची बाजू अर्धपोटी लढवली जाऊ नये.

27 डिसेंबर 2022 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी सीमाभागातली 865 गावं महाराष्ट्रात आणण्याचा ठराव एकमताने केला. ठरावाला पैसे पडत नाहीत, तारखेला पडतात. दाव्याची फी, पुराव्यांचं काम, अनुवाद, दिल्लीच्या फेऱ्या, हा सगळा खर्च दरवर्षी एका लेखाशीर्षाखाली वेगळा छापून सभागृहापुढे ठेवावा, एवढी माझी मागणी आहे. रक्कम मोठी निघाली तरी चालेल. तलासरीच्या आमदाराने ती वाचावी आणि मागणी मतास आली की हात वर करावा.