टेंभुर्णीचा गाडा आणि जीपचा ब्रेक

इंदापूर म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास १८३६ ची जमीनमोजणी आठवते. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी येथे घालून दिलेली साऱ्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात दूरवर पसरली. त्याच सुमारास त्याच मंडळींच्या हातून घडलेली दुसरी गोष्ट मात्र विस्मृतीत गेली आहे. तोवर या मुलखातील गाडा म्हणजे अखंड लाकडाच्या किंवा दगडाच्या चाकांचे अवजड धूड. दूरच्या बाजाराचा माल बैलांच्या पाठीवरूनच जावयाचा. मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने भीमेपलीकडे टेंभुर्णीस आऱ्यांच्या चाकांचा हलका गाडा तयार करविला. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्येच खुला झालेला होता. अर्थात इंदापूरकडील गाड्यास आता घाट उतरून कोकणातील बंदर गाठण्याची वाट मोकळी झाली.

चाक हलके झाले म्हणजे ते थांबविण्याचा प्रश्न उभा राहतो. सपाटीवर बैल मानेने गाडा आवरतात. घाटात ते त्यांच्या शक्तीबाहेरचे असते. अशा वेळी एक चाक दोरखंडाने वा साखळीने जखडून फरफटत न्यावे, ही युक्ती जगभरच्या गाडीवानांस ठाऊक होती. पण जखडलेल्या चाकाची लोखंडी धाव एकाच जागी घासून चपटी होते, आणि सपाटीस लागल्यावर ते चाक दर फेऱ्यास आदळू लागते. ब्रेकच्या असमान झिजेचे इतके उघड उदाहरण दुसरे नसेल.

इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात १८९७ मध्ये हर्बर्ट फ्रूड याने गाडीवानांस ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकताना पाहिले, आणि त्यावरून त्यास ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. ‘फेरोडो’ हे नाव त्याच्याच आडनावाची इंग्रजी अक्षरे फिरवून व त्यांत ‘ई’ हे एक अक्षर घालून बनले आहे. पुढे लँचेस्टर याने १९०२ मध्ये चकतीच्या, म्हणजे डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याची कल्पना निर्दोष होती. हरली ती धुळीपुढे. त्या काळच्या मातीच्या रस्त्यांवर त्याचे तांब्याचे पॅड भराभर झिजून जात. पन्नास वर्षांनी, १९५३ च्या ल मान शर्यतीत, जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर विजय मिळविला, तेव्हा कोठे त्या चकतीस प्रतिष्ठा लाभली. शर्यतीचा रस्ता गुळगुळीत होता, हे मात्र विसरता कामा नये.

मधल्या काळात दांड्या आणि तारा यांनी ओढले जाणारे ब्रेक होते. चारही चाकांवर सारखा ताण ठेवणे ही मोठी कसरत असे. एक तार सैल पडली की गाडी एका अंगास ओढली जावयाची. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तेलाच्या दाबाचे ब्रेक आले आणि ती कटकट मिटली. महायुद्धातील जीपलाही तसेच ब्रेक होते, आणि युद्धानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने तीच जीप जुळविण्यास आरंभ केला.

परंतु तेल दाब सारखा वाटते, झीज सारखी वाटत नाही. येथेच आपल्या मुलखाचा संबंध येतो. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये पुरा झाला आणि बारामतीच्या काळ्या जमिनीत बारमाही ओल आली. इंदापूरच्या जिराईत माळावर मात्र फुफाटाच राहिला. एकाच दिवसाच्या वाटेत चाकास चिखल व धूळ दोन्ही भेटतात. शिवाय अरुंद डांबरी रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली की आपण डावी चाके साइडपट्टीवर उतरवितो. खडे, चिखल, पाणी यांचा वाटा त्यामुळे डाव्या अंगास अधिक येतो.

पुष्कळ गाड्यांत कॅलिपरचा दट्ट्या आतल्या बाजूसच असतो. तो आतला पॅड चकतीवर दाबतो, आणि मग सारा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनांवरील रबरी टोपण फाटले, आत काळी माती शिरून वाळली, की सरकणे थांबते. मग बहुधा आतला पॅड एकटाच राबतो व झिजतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्यास बाहेरचा पॅड नव्यासारखा दिसतो आणि तो निश्चिंतपणे घाट उतरू लागतो. आत अस्तर संपून लोखंडास लोखंड भिडलेले असते! पॅड तिरपा झिजला असल्यास पिन वा कॅलिपर वाकडा बसला आहे, असे समजावे. एका अंगाचे दोन्ही पॅड लवकर संपत असतील, तर त्या चाकाची रबरी नळी आतून फुगून तेल परतू देत नसेल, किंवा समोरच्या चाकाचा दट्ट्या गंजून अडकला असेल. नुसते नवे पॅड घातल्याने यांतील एकही दोष जात नाही. पिना काढून, पुसून, उष्णता सोसणारे ग्रीस लावावयाचे. ते पॅडच्या तोंडास किंवा चकतीस लागू देता नये.

गॅरेज दूर असता परीक्षा कशी करावी? बैलगाडीचा तुंबा वंगणावाचून तापला की काय, हे गाडीवान मुक्कामावर हात लावून पाहतो. जीपवाल्याने उतार संपताच थांबून प्रत्येक चाकाजवळ, न टेकता, तळहात न्यावा. पुढच्या दोन चाकांत एक फार तापलेले आणि दुसरे कोमट लागले, तर तेथेच चाक उतरवून आतला पॅड पाहावा.