गच्चीवरील भाजीपाला लागवड

शहरातील घराच्या गच्चीवर, सज्जात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत कुंड्या, पिंपे, गोण्या व विटांचे वाफे यांत घरापुरता भाजीपाला पिकवण्याची पद्धत. महाराष्ट्रात कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने थोड्या जागेतील शेतीचा विचार रुजवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने 2002च्या सुमारास फुललेली बाग हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे स्वयंपाकघरातील ओला कचरा खत म्हणून वापरला गेला.

माध्यम : गच्चीवर भार पडू नये म्हणून नुसती माती न भरता उसाची चिपाडे, पालापाचोळा व कुजलेला ओला कचरा यांचे थर देतात. वर शेण, गोमूत्र व गूळ आंबवून केलेले पातळ द्रावण शिंपडतात. तळाला निचऱ्याची भोके आवश्यक.

हंगाम : भिवंडीसारख्या कोकणपट्टीतील शहरात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो. तेव्हा अळू, भेंडी, पडवळ, शिराळी घेतात. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, टोमॅटो. मेथी साधारण महिन्याभरात खुडणीस येते. धणे रगडून दोन फाकी करून पेरतात.

परागीकरण : उंच इमारतींवर मधमाश्या कमी फिरकतात. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. तेव्हा नरफुलाचे पराग मादीफुलाच्या कुक्षीवर हाताने लावावेत. इवलेसे फळ देठाशी धरलेले फूल मादी असते.

ताजी, विषमुक्त भाजी आणि घरच्या घरी जिरणारा कचरा ही या लागवडीची मोठी देणगी होय.