मंडईतील शिंगाडा

दिवाळीचा पाडवा उलटला की भंडारा जिल्ह्याच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागते, आणि पूर्वी रेंग्या-खाचरांतून व आता मोटारींतून पाहुण्यांची जी रीघ त्या त्या गावाकडे लागते, तिला दिवसाची दंडार हे लोकनाट्य आणि रात्रीचे नाटक जितके खेचून आणते, तितकीच रस्त्याच्या कडेला मांडलेली खाण्याची दुकानेही आणतात. तेथे भजी असतात, जिलेबी असते, मुरमुऱ्यांचे ढीग असतात. परंतु हे पदार्थ कोणत्याही जत्रेत मिळावेत असे आहेत. या भूमीचा इतिहास ज्याच्याशी जडलेला आहे असा जिन्नस मात्र धीवर स्त्रियांच्या टोपल्यांत असतो: उकडून काळा पडलेला, दोन शिंगांचा, आतून शुभ्र आणि पिठूळ शिंगाडा.

शिंगाडा साठलेल्या पाण्यात पिकतो, आणि भंडाऱ्यात पाणी साठले ते मनुष्याच्या परिश्रमाने. आपले मूळ काशीकडे सांगणाऱ्या आणि चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने येथे वसलेल्या कोहळी समाजाने, उताराच्या जमिनीवर मातीच्या पाळी घालून, ऊस व धान यांसाठी जे तलाव निर्माण केले, त्यांच्यामुळेच हा तलावांचा जिल्हा म्हणून ख्यात झाला. नवेगावबांधाचा विस्तीर्ण जलाशय, जो १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच मोडत असे, लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगते. यंत्राच्या साहाय्यावाचून, केवळ पावसाची धाव आणि जमिनीचा कल ओळखून उभारलेल्या या कामांपुढे माझे मस्तक आदराने नत होते.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. पुढील दशकात जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या ओघात गावचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावांचे मालकी हक्क मिळाले, आणि गावचे रीतिरिवाज ज्या वाजिब-उल-अर्ज नामक दस्तऐवजात नोंदले जात, त्यात तलावाच्या पाण्याची वहिवाटही आली. धान पाण्यावर जगे ते कुळाचे. परंतु त्याच पाण्यातील मासळी आणि शिंगाडा यांवर उपजीविका असे ती धीवराची, आणि त्यासाठी त्याला मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे.

या पिकाचे कष्ट खाणाऱ्यास सहसा दिसत नाहीत. पावसाळ्यात वेल पाण्यात लावावयाचा, आश्विनापासून डोंग्यातून हिंडत पाण्यावर पसरलेला पानांचा एकेक झुबका उचलून खालची फळे खुडावयाची, आणि काट्यांनी बोटे रक्ताळली तरी हात थांबवावयाचा नाही. ओले फळ फार दिवस टिकत नाही. म्हणून वाळवून पिठासाठी जाईल तो माल व्यापाऱ्याकडे आणि उपवासाच्या फराळात दूरवर पोहोचला. उकडलेला शिंगाडा मात्र तलावाच्या आसपासच्या बाजारांत, मंडईंत आणि बंगाल-नागपूर रेल्वे आल्यावर तिच्या स्थानकांवर राहिला. येथे येऊनच तो खावा लागतो, हे त्याचे मोठेपण मी मानतो.

ज्यांना देशोदेशींच्या रस्त्यांवरील खाद्याचे कौतुक आहे, त्यांना तैवानमधील ताइनानजवळच्या ग्वानत्येन येथे हाच दोन शिंगांचा जिन्नस हमरस्त्याच्या कडेला वाफाळत विकला जाताना दिसेल. प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनीने थ्रेसमधील लोक शिंगाड्याच्या जातीच्या पाणफळाची भाकरी करीत असल्याची नोंद केली आहे. युरोपच्या आहारातून ते फळ जवळजवळ लुप्त झाले. आपल्याकडे ते टिकले, कारण तलाव टिकले आणि त्यांत उतरणारे हात टिकले.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली. ती जावी हे न्याय्यच होते. परंतु तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले, तेव्हा पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे हे जे गावाचे दरसालचे कर्तव्य होते, त्याचा धनी कोण, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी अनुत्तरित राहिला. गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपे माजली, आणि उथळ झालेल्या पाण्यात धीवराच्या मिळकतीलाही ओहोटी लागली. मासेमारांच्या सहकारी संस्थांनी तलाव ठेक्याने घेऊन हा व्यवसाय पुष्कळ अंशी सावरला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

कार्तिकात साकोली-लाखनीकडे जाणाऱ्या प्रवाशाने मंडईत शिंगाडे घेताना ते कोणत्या तलावाचे, एवढे अवश्य विचारावे. विकणारी बाई तलावाचे नाव सांगेल, यंदा पाणी किती होते तेही सांगेल, आणि पाळ जवळच असेल तर तिकडची वाट दाखवील.