एल्वुड दफनभूमी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, फ्रेडरिक्सबर्गच्या पश्चिमेस एल्वुड या जुन्या वाड्याजवळ असलेली जोन्स व लेसी घराण्यांची खासगी दफनभूमी. विल्यम जोन्सने हा वाडा १७९० च्या सुमारास बांधला. भोवतीची शेती गुलामांच्या श्रमांवर चाले. पुढे जावई जे. होरेस लेसी मालक झाला. आज मात्र ही जागा ओळखली जाते ती घराण्याबाहेरच्या एका माणसाच्या डाव्या हातामुळे.

अमेरिकेतील उत्तर व दक्षिणेच्या यादवी युद्धात, २ मे १८६३ च्या रात्री चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती टॉमस ‘स्टोनवॉल’ जॅक्सन टेहळणी करून परतत होता. अंधारात त्याच्याच सैनिकांनी त्याला शत्रू समजून गोळ्या घातल्या. वाइल्डरनेस टॅव्हर्नजवळच्या लष्करी इस्पितळात डॉ. हंटर मॅग्वायरने त्याचा डावा हात खांद्याखालून कापला. लष्करातला धर्मोपदेशक बेव्हर्ली टकर लेसी हा एल्वुडच्या मालकाचा भाऊ. कापलेले अवयव सर्रास एकाच खड्ड्यात टाकले जात, पण त्याने हा हात उचलून भावाच्या दफनभूमीत पुरला. जॅक्सन १० मे रोजी न्यूमोनियाने वारला.

वर्षभराने, ५ व ६ मे १८६४ रोजी, वाइल्डरनेसची लढाई एल्वुडच्या परिसरातच झाली आणि उत्तरेचा सेनानी वॉरन याने वाड्यात मुक्काम ठोकला. तेव्हा उत्तरेच्या सैनिकांनी हात उकरून पुन्हा पुरल्याचे सांगतात. सध्याचा ग्रॅनाइटचा दगड १९०३ मध्ये जॅक्सनचा माजी अधिकारी जेम्स पॉवर स्मिथ याने बसवला. तो लेसींचा जावई होता. दगडावर जॅक्सनच्या हाताचा उल्लेख व ३ मे १८६३ ही तारीख एवढेच आहे. घराण्यातल्या माणसांच्या कबरींवर नावे नाहीत, नाव आहे ते फक्त या हाताला!

१९२१ मध्ये मरीन दलाचा सेनानी स्मेडली बटलर याने सरावादरम्यान हात उकरून खात्री केली, हाडे धातूच्या पेटीत घालून पुन्हा पुरली, अशी कथा लोकप्रिय आहे. त्या सरावाच्या वेळचा फलक दगडावर होता हे खरे. उत्खननाच्या कथेवर मात्र इतिहासकार फारसा विश्वास ठेवत नाहीत, आणि तेच योग्य वाटते.

वाडा व दफनभूमी आता फ्रेडरिक्सबर्ग व स्पॉटसिल्व्हेनिया राष्ट्रीय लष्करी उद्यानात मोडतात. जॅक्सनचा देह लेक्सिंग्टन येथे पुरलेला आहे.