आमची खानेसुमारी

भूगोलात डोंगर आणि नद्या ही भरवशाची मंडळी. एकदा पाठ केली की जन्मभर जागच्या जागी राहतात. लोकसंख्येचं तसं नाही. १९७५ साली मास्तरांनी मला जगाची लोकसंख्या विचारली, मी 'चार अब्ज' म्हणालो आणि चक्क बरोबर ठरलो. (भूगोलात असा योग पुन्हा आला नाही.) १९९९ साली चिरंजीव तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. मी छातीठोकपणे 'चार' सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बापावर विश्वास ठेवल्याबद्दल ते वर्गात उभे राहिले. उत्तर सहा होतं! परवा नात आली तेव्हा मी शहाणपणानं वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. तिनंच सांगून टाकलं, आठ. नोव्हेंबर २०२२ मध्येच झाले म्हणे. मला कोणी कळवलं नव्हतं.

पहिला अब्ज गाठायला माणसाला सगळा इतिहास लागला. ते घडलं १८०४ च्या सुमारास. दुसरा १९२७ साली, तिसरा १९६० साली, आणि मग पाव्हण्यांची रीघ लागावी तसे दर बारा-चौदा वर्षांनी एकेक.

याची धास्ती पहिल्यांदा घेतली ती माल्थस या इंग्रज पाद्रीबुवांनी. अन्न बेरजेनं वाढतं आणि माणसं गुणाकारानं, असं त्यांनी १७९८ साली लिहिलं, तेही नाव न छापता. पुढे हे गृहस्थ हिंदुस्थानवर राज्य करायला निघालेल्या कंपनी सरकारच्या पोरांना हेलीबरीच्या कॉलेजात शिकवत. पॉप्युलेशनचे मास्तर म्हणून पोरं त्यांना 'पॉप' म्हणत. पॉपसाहेबांना स्वतःची मुलं तीन. म्हणजे पुढे आमच्याकडे भिंतीभिंतीवर रंगवलेल्या 'हम दो हमारे दो'च्या परीक्षेत ते एका मार्कानं नापास झाले असते.

त्या भिंती वाचतच मी मोठा झालो. त्यात कॉलेजच्या लायब्ररीत पॉल अर्लिक यांचं १९६८ सालचं 'पॉप्युलेशन बॉम्ब' हाती लागलं. सत्तरीच्या दशकात कोट्यवधी माणसं अन्नान्न करून मरणार, असं त्यात बजावलेलं. मी ते वाचत होतो तेव्हा सत्तरीचं दशक संपलेलं होतं आणि मी मेसमध्ये चौथी पोळी मागत होतो, पण ही विसंगती काही माझ्या ध्यानात आली नाही. 'लोकसंख्येचा विस्फोट' या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत मी उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवलं. मग उत्तेजित होऊनच १९८१ च्या फेब्रुवारीत रत्नागिरीकडच्या आमच्या गावी गेलो.

तिथे श्रोता म्हणून आजी सापडली. ती ओटीवर सुपाऱ्या कातरत बसलेली. मी तिला माल्थस सांगितला, अर्लिक सांगितला आणि शेवटी म्हणालो, "आजी, खरं सांगू? हा सगळा घोळ तुमच्या पिढीनं घातलाय. घरटी आठ-आठ, नऊ-नऊ पोरं!"

"असेल बाबा," आजी म्हणाली. "तुम्ही शिकलेली माणसं."

त्याच दुपारी शाळेचे गुरुजी खानेसुमारीचे कागद घेऊन आले. वय विचारल्यावर आजीनं मोठ्या प्लेगापासून हिशोब सुरू केला, तेव्हा गुरुजींनी आपल्या मनानं अठ्ठ्याहत्तर टाकले. त्या वर्षी काही ठिकाणी लग्न झालेल्या बायकांना जादा प्रश्न होते. आमचं गाव त्यात आलं होतं. हयात मुलं किती? आणि जिवंत जन्मली एकूण किती?

"नऊ झाली, चार राहिली," आजी म्हणाली.

गुरुजींनी दोन आकडे लिहिले. त्यांचं काम झालं होतं. आजीचं झालं नव्हतं. थोरला मानमोडीच्या साथीत गेला. ही १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. त्या दशकात देशाची माणसं वाढायची सोडून सुमारे आठ लाखांनी घटली, त्यातला तो एक. दोघी मुली एकाच आठवड्यात देवीनं नेल्या. एक हगवणीनं. एक धनुर्वातानं, सहाव्या दिवशीच. त्याचं बारसंसुद्धा व्हायचं होतं. प्रत्येकाचा रंग, केस, कोण कुणावर गेलं होतं, सगळं तिनं सांगितलं. गुरुजींचा चहा निवला. आत्या म्हणाली, "आई, त्यांना पुढची घरं आहेत."

"असू देत. साठ वर्षांत आज पहिल्यांदा कुणी विचारलंय."

माझं उत्तेजनार्थ बक्षीस त्या दुपारी मला फार जड झालं. कारण त्या चारांतले धाकटे म्हणजे आमचे तीर्थरूप. पाचांऐवजी सहा गेली असती तर विस्फोटावर बोलायला मी कुठून येणार होतो?

गंमत अशी की जगाचा हिशोबही आजीच्याच हिशोबासारखा निघतो. आयाबायांना मुलं पूर्वीही भरपूर होत, पण ती राहत नसत. १९५० च्या सुमारासदेखील जगात पाचातलं एक मूल पाचवं वर्ष पाहत नसे. आता शंभरात चारसुद्धा जात नाहीत. देवीची साथ तर १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, आमच्या गुरुजींच्या फेरीच्या आदल्याच वर्षी. अब्जामागून अब्ज आले ते मुलं जास्त झाली म्हणून नव्हे, राहू लागली म्हणून. आणि राहतात हे दिसल्यावर बायकांनी आपण होऊन हात आखडता घेतला. साठीच्या दशकात जगात बाईमागे पाच मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास, आणि महाराष्ट्रात तर दोनही नाहीत. शतक सरता सरता आकडा दहा अब्जांच्या थोडा वर जाऊन उतरणीला लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

"पण आजोबा, इतकी माणसं मावतात कुठे?" नातीनं विचारलं. आम्ही कागद घेतला. माणशी एक चौरस मीटर धरला, तर आजची आठ अब्ज वीस कोटी माणसं ८२०० चौरस किलोमीटरमध्ये उभी राहतात. रत्नागिरी जिल्हा ८२०८ चौरस किलोमीटर! म्हणजे सारं जग आत येऊन वर आंब्याच्या पेट्यांना आठ किलोमीटर शिल्लक. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चौरस मीटरला चौदा-सोळा माणसं असतात, तेव्हा मुंबईकराला हे ऐसपैसच वाटेल. प्रत्यक्षात २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या ऐंशी हजारांनी कमी झाली. आमच्याही घराला कुलूप आहे. पुढच्या खानेसुमारीत तिथे शून्य लागेल.

नातीला शाळेतून वंशवृक्ष काढायला सांगितलाय. माझ्या आजीखाली तिनं चार चौकोन काढले होते. मी पाच आणखी काढायला लावले. नावं सांगत गेलो, आजीनं सांगितली तशी, क्रमानं. शेवटच्या चौकोनाशी तिची पेन्सिल थांबली.

"याचं नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"मग काय लिहू?"

"बाळ लिही," मी म्हणालो.