नाव बदललं, क्रूस तोच

मागच्या पावसाळ्यात पारशिवनीला, घरूनच काम करत होतो. एका सकाळी मेल आली: आपली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आहे. लॅपटॉप तोच, कोड तोच, लोगो नवा. आमच्या टीममधल्या सहांपैकी चौघांना नव्या कंपनीचं पत्र आलं, दोघांना नाही. त्या दोघांत मला काम शिकवणारा सीनियर होता. आई म्हणाली, "म्हंजे तुही कंपनी बुडाली का रे?" मला धड उत्तर देता आलं नाही.

त्या आठवड्यात मी टेम्पलर योद्ध्यांबद्दल वाचत होतो. हॉस्टेलवर 'असॅसिन्स क्रीड' खेळलेल्यांना ते माहीत असतात: पांढरा झगा, त्यावर लाल क्रूस, आणि गेममधले खलनायक. खरे टेम्पलर म्हणजे शपथ घेतलेले लढवय्ये साधू. क्रुसेडच्या काळात, साधारण 1119 मध्ये, जेरुसलेमच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना लुटारूंपासून वाचवायला हा संघ निघाला. प्रत्येकानं गरिबीची शपथ घ्यायची, पण संघाला मात्र जमिनी दान मिळत गेल्या. यात्रेकरूनं युरोपात पैसे ठेवायचे, चिठ्ठी घ्यायची आणि तिकडे पोचल्यावर पैसे काढायचे, अशी सोयही त्यांनी केली. आपल्याकडच्या हुंडीसारखीच. पुढे राजेसुद्धा त्यांच्याकडून कर्ज घेऊ लागले.

1291 मध्ये अक्को शहर पडलं आणि पवित्र भूमीतलं त्यांचं कामच संपलं. पैसा मात्र उरला होता. फ्रान्सचा कर्जबाजारी राजा चौथा फिलिप यानं 13 ऑक्टोबर 1307 ला, शुक्रवारी, देशभरातल्या टेम्पलरांना एकाच वेळी पकडलं. छळ करून कबुलीजबाब घेतले. 1312 मध्ये पोपनं संघ बरखास्त केला. 1314 मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं.

नेहमीची गोष्ट इथं संपते. आपली इथून सुरू होते.

पोर्तुगालचा राजा दिनिश याला हे योद्धे हवे होते. त्यांच्या जमिनी देशाबाहेर जाऊ द्यायच्या नव्हत्या. 1319 मध्ये पोपच्या मंजुरीनं तिथं 'ख्रिस्ताचा संघ' उभा राहिला. टेम्पलरांची मालमत्ता त्याच्याकडे आली, जुने योद्धेही आले. तोमारचा टेम्पलरांचा किल्ला पुढे त्याचंच मुख्य ठाणं झाला.

1420 मध्ये राजपुत्र हेन्री या संघाचा कारभारी झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या मोहिमांमागे संघाचं उत्पन्न उभं राहिलं. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला त्या जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस याच संघाचा. शाळेच्या पुस्तकात ते चित्र आपण पाहिलेलं असतं. क्रूस कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

1510 मध्ये गोवा, 1534 मध्ये वसई. 1551 पासून संघाचं प्रमुखपद कायमचं राजाकडेच गेलं. म्हणजे वसईच्या चर्चमागे उभा असलेला पोर्तुगालचा राजा कागदोपत्री त्या संघाचाही प्रमुख होता. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांपैकीच मानतात. तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे.

म्हणून 'टेम्पलर 1312 ला संपले' हे वाक्य मला आता अपुरं वाटतं. कुठे संपले? फ्रान्समध्ये माणसं जाळली गेली, पोर्तुगालमध्ये त्याच माणसांना नवं नाव मिळालं. शपथ एकच होती, राजा वेगळा होता. एकाला त्यांचा पैसा हवा होता, दुसऱ्याला पैशासोबत माणसंही.

आईला मी सांगितलं, "बुडाली नाही. चौघांसाठी नाव बदललं. दोघांसाठी बुडाली."

मग सीनियरला फोन लावला. मेल येऊन अकरा दिवस झाले होते आणि मी अजून त्याच्याशी बोललो नव्हतो.